फ्लटर (सॉफ्टवेअर चौकट)

फ्लटर ही गूगल कंपनीने विकसित केलेली मुक्तस्रोत आणि बहुमंची सॉफ्टवेअर विकास-चौकट आहे. ॲप ज्या कार्यप्रणालीवर चालते तिला येथे मंच म्हटले आहे. फ्लटरमध्ये एकदा लिहिलेल्या आज्ञावलीपासून अँड्रॉइड, आयओएस, विंडोज, मॅकओएस, लिनक्स आणि वेब या सहा मंचांसाठी ॲप तयार करता येते. त्यासाठी डार्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरली जाते. चौकट विनामूल्य असून बीएसडी परवान्याखाली उपलब्ध आहे.

फ्लटर शिकू लागणाऱ्यास प्रारंभी लागणारी माहिती आणि मराठी मजकूर व अंक हाताळताना घ्यावयाची काळजी या लेखात दिली आहे. उदाहरण म्हणून नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथील कांदा-बाजारातील हिशेबपट्टी घेतली आहे.

पार्श्वभूमी

एका यंत्रावर केलेले काम दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे चालावे, ही अपेक्षा मराठी संगणक-वापरकर्त्यांना नवी नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट टंकाशी बांधलेला असे. श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या प्रणालीत टंकलिखित केलेली फाइल तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. इस्की हे भारतीय मानक १९९१ साली निश्चित झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. पुढे युनिकोड सर्वत्र रुळले आणि मजकुराचा प्रश्न बहुतांशी सुटला. आज्ञावलीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. अँड्रॉइडसाठी जावा किंवा कोटलिन, आयफोनसाठी स्विफ्ट, विंडोजसाठी आणखी वेगळी साधने, अशी एकाच कामाची तीन-तीनदा मांडणी करावी लागे.

यावर फ्लटरपूर्वीही उपाय झाले होते. नॉर्वेतील क्यूटी आणि सन मायक्रोसिस्टिम्सची जावा ही दोन्ही १९९५ मधील. मोबाइलच्या युगात फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुले केले. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतलेल्या झामरिनचे अधिकृत साहाय्य मे २०२४ मध्ये संपले. चौकट निवडताना तिच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो, हे या शेवटच्या उदाहरणावरून दिसते.

डार्ट भाषा गूगलने २०११ मध्ये जाहीर केली. फ्लटरचे आद्य रूप २०१५ मध्ये ‘स्काय’ या नावाने दाखवण्यात आले आणि ४ डिसेंबर २०१८ रोजी फ्लटरची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. वेबसाठीचे स्थिर साहाय्य मार्च २०२१ मध्ये, विंडोजसाठीचे फेब्रुवारी २०२२ मध्ये, तर मॅकओएस व लिनक्ससाठीचे मे २०२२ मध्ये आले.

रचना

फ्लटरचे वेगळेपण पडद्यावर चित्र उमटवण्याच्या पद्धतीत आहे. रिॲक्ट नेटिव्ह त्या-त्या कार्यप्रणालीतील तयार बटणे व चौकोन वापरते. फ्लटर ते सारे स्वतः रेखाटते. त्यामुळे एकाच ॲपचे रूप सर्व मंचांवर जवळजवळ सारखे राहते. देवनागरी अक्षरांची जुळणीही, म्हणजे वेलांटी कोठे बसावी आणि जोडाक्षर कसे घडावे हे ठरवण्याचे काम, फ्लटर स्वतःबरोबर आणलेल्या यंत्रणेकडूनच करून घेते.

पडद्यावरील प्रत्येक घटकास विजेट म्हणतात. मजकूर हे विजेट, बटण हे विजेट, दोन घटकांमधील मोकळी जागा हेही विजेटच. एकात एक गुंफलेल्या विजेटांच्या वृक्षातून संपूर्ण पडदा उभा राहतो. विजेटांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. ज्याच्या स्वतःच्या स्थितीत बदल होत नाही ते स्टेटलेस विजेट, आणि वापरकर्त्याच्या कृतीने ज्याची स्थिती बदलते ते स्टेटफुल विजेट. शीर्षक पहिल्या प्रकाराने भागते. वजन लिहिताच रक्कम बदलणारी चौकट दुसऱ्या प्रकाराची असते. स्थिती बदलल्याची वर्दी ‘सेटस्टेट’ या क्रियेने द्यावी लागते. ही वर्दी द्यायची राहिली, तर आतला आकडा बदलतो आणि पडद्यावर जुनाच दिसत राहतो. आरंभीच्या आठवड्यांत होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत नेहमीची.

सुरुवात

काहीही स्थापित न करता फ्लटरची ओळख करून घ्यायची असल्यास डार्टपॅड हे संकेतस्थळ पुरेसे आहे. तेथे ब्राउझरमध्येच आज्ञावली लिहून तिचा परिणाम शेजारी पाहता येतो. भाषेची मूलतत्त्वे तेथे शिकून मग स्वतःच्या संगणकाकडे वळणे सोयीचे ठरते.

संगणकावर चार गोष्टी लागतात: फ्लटरचा एसडीके अर्थात विकास-संच, गिट, व्हीएस कोडसारखा संपादक आणि अँड्रॉइडसाठीची साधने. ही साधने अँड्रॉइड स्टुडिओबरोबर येतात. संच उतरवून त्याचा पत्ता संगणकाच्या ‘पाथ’ या नोंदीत घातल्यावर आज्ञापटलावर ‘फ्लटर डॉक्टर’ ही आज्ञा द्यावी. कोणते साधन बसले आहे, कोणते अपुरे आहे आणि कोणता परवाना स्वीकारायचा राहिला आहे, याची यादी ती दाखवते. यादीतील प्रत्येक ओळ हिरवी होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. केवळ अँड्रॉइडसाठी काम करणाऱ्याने विंडोजच्या ओळीपुढील फुलीकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

एक अडचण खास भारतीय भाषकांची आहे. विंडोजमध्ये प्रकल्पाच्या फोल्डरला देवनागरी नाव दिले, अथवा संगणकावरील खात्याचेच नाव देवनागरीत असले, तर अँड्रॉइडची बांधणी मध्येच थांबते आणि मार्गात परकी अक्षरे असल्याची तक्रार दिसते. मराठी माणसाच्या संगणकावर मराठीच परकी ठरावी हे खटकणारे आहे. तथापि प्रकल्प रोमन लिपीतील नावाच्या आणि मोकळी जागा नसलेल्या मार्गावर ठेवणे हाच सोपा उपाय आहे. डार्टमधील चलांची नावेही रोमन लिपीतच द्यावी लागतात. अवतरणचिन्हांतील मजकूर आणि टिपा मात्र खुशाल मराठीत लिहाव्यात.

८ जीबी स्मृती असलेल्या संगणकावर अँड्रॉइड स्टुडिओ आणि आभासी फोन एकाच वेळी चालवले की काम कूर्मगतीने होते. अशा वेळी स्वतःचाच फोन केबलने जोडावा. फोनच्या सेटिंगमधील ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा टिचकी मारल्यास विकसकांसाठीचे पर्याय खुले होतात. त्यांतील ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू केल्यावर फ्लटरला फोन दिसू लागतो. पहिल्या बांधणीच्या वेळी बऱ्याच फाइली इंटरनेटवरून उतरतात. काही मिनिटे पडदा निश्चल दिसला तरी काम बंद करू नये.

‘फ्लटर क्रिएट’ या आज्ञेने नवा प्रकल्प तयार होतो. त्यातील ‘लिब’ या फोल्डरमध्ये आज्ञावली असते आणि ‘पबस्पेक’ या फाइलीत प्रकल्पाचे नाव, आवृत्ती, टंक व बाहेरून घेतलेली पॅकेजे यांची नोंद असते. या फाइलीत ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेलाही अर्थ असतो. एक जागा कमी-अधिक झाली तरी प्रकल्प चालत नाही. नव्या प्रकल्पात बटण दाबले की आकडा एकाने वाढवणारे लहानसे ॲप तयार मिळते. ते पुसून टाकण्याआधी नीट वाचावे.

आज्ञावलीत बदल करून फाइल जतन करताच तो बदल फोनवर क्षणार्धात दिसतो. यास हॉट रिलोड म्हणतात. या वेळी ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे भरलेली माहिती जागच्या जागी राहते. परंतु ॲप सुरू होतानाच जी आज्ञा एकदा चालते, तिच्यातील बदल अशा रीतीने दिसत नाही. त्यासाठी हॉट रिस्टार्ट करावा लागतो.

उदाहरण: कांद्याची हिशेबपट्टी

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवड हे होळकरांच्या रंगमहालासाठी व रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. कांदा हे तालुक्यातील प्रमुख नगदी पीक. बाजार समितीत वाहनातील कांद्याचा लिलाव होतो, भाव क्विंटलमागे ठरतो आणि मालाचे वजन झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. गावात श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय व तंत्रनिकेतन असल्याने बाजार आणि संगणक-विद्यार्थी एकाच गावात आहेत. पट्टीची पडताळणी करणारे ॲप हा नवशिक्यासाठी उत्तम अभ्यास ठरतो. शेतकऱ्याजवळ अँड्रॉइड फोन, व्यापाऱ्याच्या मुनिमापुढे विंडोजचा संगणक आणि शहरात नोकरीस असलेल्या मुलाकडे आयफोन, असे तीन मंच एकाच व्यवहारात सहज येतात.

ॲपचे काम थोडके आहे. वजन आणि भाव घ्यायचा, लागू असल्यास हमाली-तोलाईची वजावट करायची आणि देय रक्कम दाखवायची. वजन २२ क्विंटल ४० किलो आणि भाव क्विंटलला १,८५० रुपये धरल्यास वजावटीपूर्वीची रक्कम ४१,४४० रुपये होते.

हा हिशेब अपूर्णांकांत करू नये. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवत असल्याने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पैशांच्या हिशेबात असे कण साचत जातात आणि कधीतरी एका पैशाचा फरक पडतो. फरक पैशाचाच असला तरी पट्टीवरचा विश्वास त्याने डळमळतो. म्हणून वजन किलोत व भाव पैशांत, पूर्णांकांत ठेवावा. २,२४० किलो गुणिले १,८५,००० पैसे, भागिले १०० किलो, म्हणजे ४१,४४,००० पैसे. त्यांचे रुपये फक्त दाखवताना करावेत.

यापुढची अडचण अंकांची. मराठी कळफलकावरून ‘२२४०’ असे देवनागरी अंक लिहिले, तर डार्टची अंक वाचणारी मूळ क्रिया ते नाकारते आणि ॲप त्रुटी दाखवते. त्याहून फसवी गोष्ट अशी, की लेखनचौकटीत ‘फक्त अंक’ अशी मर्यादा घालण्यासाठी फ्लटरमध्ये जी तयार सोय आहे, ती केवळ इंग्रजी पद्धतीचे अंक ओळखते. देवनागरी अंक ती निमूटपणे गाळून टाकते. शेतकरी कळ दाबत राहतो आणि चौकट रिकामीच दिसते. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८ आहे. पुढचे नऊ अंक दोन्हीकडे क्रमाने येतात. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. हे रूपांतर हिशेबाच्या आधी करावे आणि लेखनचौकटीत दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारावेत.

उत्तर दाखवताना ‘इंटल’ हे पॅकेज उपयोगी पडते. त्यास मराठीचा ‘एमआर’ हा संकेत दिला की अंक देवनागरीत येतात आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात. चार लाख चौदा हजार चारशे ही संख्या ‘४,१४,४००’ अशी दिसते. संकेत न दिल्यास इंग्रजी पद्धतीने तीन-तीन अंकांचे गट पडतात.

मराठी मजकूर

फ्लटरच्या स्थानिकीकरण-संचात मराठीचा समावेश आहे. तो प्रकल्पाला जोडून मराठी ही समर्थित भाषा म्हणून नोंदवली, की दिनदर्शिकेतील महिने, ‘रद्द करा’सारखी तयार बटणे आदी मजकूर मराठीत येतो. ॲपचा स्वतःचा मजकूर भाषेनुसार वेगळ्या फाइलींत ठेवावा. एकवचन-अनेकवचनाची सोय तेथे आहे, म्हणून ‘१ गोणी’ आणि ‘५ गोण्या’ अशी शुद्ध रूपे दाखवता येतात. ‘५ गोणी’ असे लिहून वेळ मारून नेण्याची गरज नाही.

अक्षरे मोजण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. डार्ट मजकुराची लांबी संगणकीय एककांत मोजते. ‘चांदवड’ या शब्दाची लांबी ती ६ सांगते, कारण च, काना, अनुस्वार, द, व, ड असे सहा घटक तेथे साठवलेले असतात. वाचकाच्या दृष्टीने त्यात चारच अक्षरे आहेत. ‘नाशिक’ची लांबी ५ येते, अक्षरे तीन. नावाचे आद्याक्षर वर्तुळात दाखवणारी अनेक ॲपे ‘किसन’मधील ‘कि’ऐवजी नुसता ‘क’ दाखवतात, त्याचे कारण हेच. ‘कॅरॅक्टर्स’ हे पॅकेज वापरल्यास मोजणी वाचकाच्या अक्षरांप्रमाणे होते. जोडाक्षर हे एकसंध मानण्याचा नियम युनिकोडने २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आणला. त्यापूर्वीच्या नियमांवर चालणारे पॅकेज ‘द्राक्ष’मध्ये दोनऐवजी चार अक्षरे मोजते. म्हणून पॅकेजची अद्ययावत आवृत्ती घ्यावी.

शोध ही आणखी नाजूक बाब आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित होतो. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते भिन्न शब्द वाटतात. ‘ॲप’मधील पहिल्या अक्षराचीही तीच गत आहे. एका कळफलकावरून नोंदवलेले ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्या कळफलकावरून शोधल्यास सापडत नाही आणि शेतकऱ्याची जुनी पट्टी असूनही नसल्यासारखी होते. नोंद जतन करताना आणि शोध घेताना दोन्ही वेळी मजकूर एकाच रूपात आणल्यास हा दोष टळतो.

अनुक्रमातही असाच भेद आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडने तो ‘ल’शेजारी ठेवला आहे. डार्टची तयार क्रमवारी युनिकोडच्या क्रमांकांवर चालत असल्याने ‘डाळ’ हा शब्द ‘डाव’च्या आधी लागतो. वर्णमालेचा क्रम हवा असल्यास तुलनेचा नियम स्वतः लिहावा लागतो.

टंकाचा विचार विशेषतः वेबसाठी करावा. ब्राउझरमध्ये फ्लटर संगणकातील टंक वापरत नाही. देवनागरी अक्षर येताच योग्य टंक इंटरनेटवरून मागवते. जोडणी मंद असल्यास तोवर रिकामे चौकोन दिसतात. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा ‘मुक्त’ हा टंक खुल्या परवान्याखाली मिळतो. असा एखादा टंक ॲपमध्येच समाविष्ट केल्यास चौकोन दिसत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे स्वीकारली. काही टंकांत मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितल्यावरच मराठी वळण दिसते. पाठ्यपुस्तकाशी संबंधित ॲपमध्ये याकडे दुर्लक्ष करू नये.

मराठी शब्द इंग्रजीहून लांब असले, की आडव्या ओळीत ते मावत नाहीत आणि पडद्याच्या कडेला पिवळे-काळे पट्टे उमटतात. हे पट्टे म्हणजे बिघाड नसून जागा कमी पडल्याचा इशारा आहे. ‘एक्स्पांडेड’ अथवा ‘रॅप’ या विजेटांनी जागेची वाटणी करून घ्यावी. फोनवरील अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करूनही एकदा पाहावे. वयस्कर वापरकर्ते तो तसाच ठेवतात.

मर्यादा

एकच आज्ञावली सर्वत्र चालते, हे विधान अर्धेच खरे आहे. पडदा व हिशेब समान राहतात. कॅमेरा, फाइली, छपाई, माहितीचा साठा हे त्या-त्या कार्यप्रणालीचे असते. त्यासाठीची पॅकेजे प्रत्येक मंचावर चालतीलच असे नाही. ‘एसक्यूफ्लाइट’ हे माहितीसाठ्याचे लोकप्रिय पॅकेज मूळ रूपात अँड्रॉइड, आयओएस व मॅकओएस यांवर चालते, विंडोज व वेबवर नाही. मुनिमाच्या संगणकावर ॲप द्यायचे असेल तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी. पॅकेजच्या पानावर मंचांची नावे दिलेली असतात.

विंडोजसाठीची बांधणी विंडोजवरच करावी लागते आणि त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओतील सी++ची साधने लागतात. व्हीएस कोड हे त्याहून निराळे साधन आहे. आयफोनसाठी मॅक संगणक आणि एक्सकोड अनिवार्य आहे. महाविद्यालयात मॅक नसेल, तर ‘सहा मंच’ हे बिरुद विद्यार्थ्यापुरते चारांवर येते, कारण मॅकओएससाठीही तीच अट आहे.

वितरण

विकासाच्या काळात फोनवर दिसणारे ॲप मंद असते आणि त्याच्या कोपऱ्यात ‘डीबग’ अशी पट्टी असते. वापरकर्त्यास देण्यासाठी ‘रिलीज’ प्रकारची बांधणी करावी. या टप्प्यावर पुष्कळांची एक फसगत होते. फ्लटर विकासाच्या काळापुरती इंटरनेटची परवानगी अँड्रॉइडच्या परवानगी-पत्रकात आपोआप घालते. अंतिम बांधणीच्या पत्रकात ती स्वतः लिहावी लागते. लिहिली नाही, तर आजवर बाजारभाव आणणारे ॲप वापरकर्त्याच्या हाती पडताच मुके होते.

गूगल प्लेवर विकसक-खात्यासाठी एकदाच २५ डॉलर, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर शुल्क आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्लेवर ॲप खुले करण्यापूर्वी सलग १४ दिवस मर्यादित चाचणी घ्यावी लागते. त्यासाठीच्या परीक्षकांची किमान संख्या आरंभी २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ करण्यात आली. गावापुरते ॲप एपीके फाइलीच्या रूपात थेटही देता येते.

दोन्ही मार्गांत ॲपवर विकसकाची अंकीय स्वाक्षरी लागते आणि ती एका किल्ली-फाइलीत असते. प्लेवरून वितरण करणाऱ्यास हरवलेली किल्ली बदलून मागण्याची सोय आहे. थेट एपीके देणाऱ्यास ती नाही. किल्ली असलेला संगणक बिघडला, तर नवी आवृत्ती जुन्या ॲपवर बसत नाही. जुने ॲप काढून टाकावे लागते आणि फोनवरच साठवलेल्या हंगामभराच्या पट्ट्या त्याबरोबर पुसल्या जातात. म्हणून पहिली एपीके फाइल दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी किल्ली-फाइलीची आणि तिच्या परवलीच्या शब्दाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि पट्ट्यांची नक्कल बाहेर काढण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत द्यावी.